वह्यावाटप अकरा वर्षे चालू आहे, तरी मुले नववीत गळतात : लहान संस्थेने वर्षाची आखणी कशी करावी?

आपण विचारलेला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ राहील. ऊसतोडीला जाणारी बरीच गावे असलेल्या एका तालुक्यात आपली नोंदणीकृत संस्था आहे आणि देणग्यांतून वर्षाला साधारण सहा लाख रुपये जमतात. जूनमध्ये पहिली ते सातवीच्या मुलांना वह्या-दप्तरे, दिवाळीत गरजू कुटुंबांना फराळ आणि कपडे, जानेवारीत दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, असे तीन कार्यक्रम आपण अकरा वर्षे नेमाने करीत आहात. तरीही आपल्याकडून वह्या नेलेली मुले नववी-दहावीच्या वर्गात दिसत नाहीत, मुलींची लग्ने उरकली जातात, आणि म्हणून आता चौथा उपक्रम कोणता सुरू करावा, असे आपण विचारले आहे.

मी मराठवाड्यात याच प्रकारच्या कामात बावीस वर्षे आहे. माझे मत असे की चौथा उपक्रम सुरू करू नये. आहेत त्या तिन्हींचे पैसे आणि माणसे मोकळी करून थोड्या कुटुंबांबरोबर पूर्ण वर्षभर राहावे. आज आपली आणि मुलांची गाठ वर्षातून तीनदा पडते आणि तिन्ही वेळा ती काहीतरी देण्यापुरती असते. शाळा सोडण्याचा निर्णय मात्र घरात, वेगळ्याच दिवसांत होतो आणि तेव्हा संस्थेचे कोणीही तिथे नसते.

यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगायला हवे. गावात माध्यमिक शाळा आहे की मुलांना सात-आठ किलोमीटर जावे लागते, कुटुंबे साखर कारखान्याला जातात की वीटभट्टीवर, घरी आजी-आजोबा मागे राहतात की सगळेच घराला कुलूप लावून जातात, यावर उत्तर बदलते. शहरातल्या वस्तीत काम करणाऱ्यांना माझ्या सांगण्यातला कदाचित निम्माच भाग लागू पडेल. आपल्या तालुक्याचे जे वर्णन आपण केले आहे, ते धरून मी पुढे लिहिते.

पहिली गोष्ट पैशाच्या जागेची. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत मोफत पाठ्यपुस्तके, गणवेश, दुपारचा शिजवलेला आहार हे सारे आठवीशी थांबते. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी गावातच चालणारी हंगामी वसतिगृहेही प्रामुख्याने याच वयाच्या मुलांकरिता असतात. नववीत पाऊल टाकताच मुलाच्या घरावर एकाच वेळी पुस्तके, गणवेश, जाण्यायेण्याचा खर्च आणि हंगामातल्या जेवणाचा प्रश्न येऊन पडतो. आपल्या वह्या सातवीला संपतात आणि आपला सत्कार दहावी उत्तीर्ण झालेल्यांचा होतो. मधल्या तीन वर्षांत, म्हणजे आठवी, नववी आणि दहावीत, आपला हात नसतो आणि नववीपासून तर शासनाचाही हात सैल होतो. म्हणून माझी पहिली सूचना अशी की पहिली ते सहावीचे वाटप बंद करावे आणि दोन-तीन गावांतली सातवी ते दहावीची साठेक मुले नावानिशी निवडावीत. वाटप बंद केल्याने गावात नाराजी होईल. आमच्याकडेही झाली होती. पण एका ग्रामसभेत कारण उघडपणे सांगितल्यावर ती फार काळ टिकली नाही.

दुसरी गोष्ट वर्षाची, आणि या सगळ्या उत्तरात मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. संस्थेचे हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च असते आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. पण ऊसतोडीच्या घरातले वर्ष उचल, म्हणजे हंगामाच्या मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली त्या दिवशी सुरू होते. पावसाळ्यात, शेतात काम कमी आणि घरात पैसा नसताना, मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार, उचल देतो आणि नवरा-बायकोच्या जोडीचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. त्या पैशातून आधीचे कर्ज, आजारपण, लग्न भागवले जाते आणि पुढच्या हंगामाचा करार तिथेच पक्का होतो. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे किंवा कर्नाटकात बेळगावकडे निघतात आणि होळी-पाडव्याच्या सुमारास परततात. मुलांना बरोबर न्यायचे की मागे ठेवायचे, हे दिवाळीत ठरत नाही. ते गणपती ते नवरात्र या काळात ठरते. आपला फराळ पोहोचतो तेव्हा भांड्याकुंड्यांची बोचकी बांधून झालेली असतात.

शाळेच्या कॅलेंडरमुळे हे आणखी झाकले जाते. दिवाळीच्या सुटीत मूल गेले तर पटावर ते लगेच दिसत नाही. दुसरे सत्र सुरू झाल्यावर बाक रिकामे दिसतात आणि तेव्हा टोळी दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात पोहोचलेली असते. दहावीच्या परीक्षेचे अर्जही दिवाळीच्या आगेमागेच भरले जातात. अर्ज राहिला म्हणून वर्ष गेलेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांतली थोडीच पुढच्या वर्षी परत आली. म्हणून आपल्या कामाचे वर्ष श्रावणात सुरू व्हावे आणि भाद्रपद-आश्विन या दोन महिन्यांत संस्थेची सगळी ताकद घरभेटींवर लागावी.

घरभेटीत काय करायचे, हे एका उदाहरणाने सांगते. एका गावात सातवीतला मुलगा आणि नववीतली मुलगी, अशी दोन भावंडे दरवर्षी आईवडिलांबरोबर जात असत. मुलगी ऊस तोडत नसे. कोपीत, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या झोपडीत, सर्वांत धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे आणि आई फडातून येईपर्यंत भाकरी करून ठेवणे हे तिचे काम होते. मुलांना मागे ठेवा, असे आम्ही दोन वर्षे वडिलांना सांगत होतो आणि ते ‘बघू’ म्हणत होते. तिसऱ्या वर्षी आमची कार्यकर्ती वडिलांशी न बोलता आजीजवळ जाऊन बसली. आजी चुलीपुढे होती आणि तवा चाचपून भाकरी उलटत होती. ती म्हणाली, “मला तव्यावरली भाकर दिसंना बाई, ह्यांला सहा महिने काय रांधून घालू?” दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शासकीय रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते; आम्हाला फक्त गाडीभाडे, औषधे आणि एका बाईचे चार-पाच दिवस खर्च करावे लागले. नवरात्राआधी एका डोळ्याचे काम झाले. त्या हंगामात दोन्ही मुले आजीजवळ राहिली आणि पुढे मुलगी दहावी झाली. सर्वांत धाकट्या, तिसऱ्या भावंडाला मात्र आईबरोबर जावेच लागले, त्यावर आमच्याकडे उपाय नव्हता.

या अनुभवानंतर आम्ही घरभेटीतले प्रश्न बदलले. मुलाला शाळा आवडते का, हे विचारण्याआधी आम्ही हंगामात घरी कोण राहणार, ते माणूस स्वयंपाक करू शकते का, रात्री मुलीजवळ कोण झोपणार, किराणा कोणाच्या नावावर आणि कोणत्या दुकानातून येणार, रेशनचे धान्य कोण आणणार आणि मूल आजारी पडले तर फोन कोणाला करायचा, हे विचारतो. या प्रश्नांची उत्तरे ज्या घरात मिळतात तिथे मूल मागे राहते. उत्तर मिळत नाही तिथे नेमकी कोणती वस्तू किंवा कोणते माणूस कमी आहे ते कळते, आणि संस्थेचा पैसा तिथे लागतो. एका घराला पाच महिन्यांचा किराणा लागतो, दुसऱ्याला फक्त दाराला नवी कडी आणि शेजारणीचा शब्द पुरतो. सर्वांना सारखे वाटप करण्याच्या सवयीतून बाहेर पडणे विश्वस्तांना जड जाते, याची मला कल्पना आहे.

जिथे मागे राहणे शक्यच नाही, तिथे शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घेऊन ते पालकांच्या हाती द्यावे, म्हणजे स्थलांतराच्या ठिकाणच्या शाळेत मुलाला बसता येते. पत्रक देऊन काम संपत नाही; तिथल्या मुख्याध्यापकांना फोन करून मूल खरोखर बसले की नाही, हे कोणीतरी विचारावे लागते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. आपल्या तालुक्यात असे वसतिगृह सुरू असेल तर नववी-दहावीच्या मुलांसाठी पहिला प्रयत्न तिथेच करावा आणि त्यासाठी प्रवेशाच्या वेळा समाजकल्याण कार्यालयातून आधीच विचारून ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट कागदांची. हे काम रुक्ष आहे आणि देणगीदारांना दाखवता येत नाही, पण लहान संस्थेच्या एका रुपयाचे दहा रुपये यातच होतात. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडले गेले, तर नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार रुपये मिळतात. वडील वारलेल्या किंवा एकाच पालकाच्या मुलांना बाल संगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. त्यासाठी बाल कल्याण समितीपुढे प्रकरण जावे लागते. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. एवढे सगळे असून ते मुलांपर्यंत पोहोचत नाही, कारण कागद जुळत नाहीत.

एका विधवा बाईच्या घरी आम्ही कागद पाहायला बसलो, तेव्हा तिने पत्र्याच्या पेटीतून साडीच्या दुकानाची प्लास्टिक पिशवी काढली. त्यात मुलीचे आधार होते, त्यावर आडनाव एका वेलांटीने वेगळे; शाळेच्या निर्गम उताऱ्यात जन्मतारीख वेगळी; बँकेचे पासबुक होते, पण खाते आधारशी जोडलेले नव्हते; आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढलेलाच नव्हता, कारण मृत्यू कारखान्याच्या परिसरात दुसऱ्या जिल्ह्यात झाला होता. तो एक दाखला मिळवायला आम्हाला चार महिने आणि तीन प्रवास लागले. त्यानंतर दोन्ही मुलांचे बाल संगोपनाचे पैसे सुरू झाले आणि त्या घरापुरता आमच्या मदतीचा प्रश्न जवळजवळ मिटला. प्रत्येक मुलामागे एक फाईल ठेवावी, त्यात आधार, जन्माचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि पासबुक यांच्या प्रती असाव्यात आणि कोणता कागद कुठे अडला आहे ते पहिल्याच पानावर लिहावे. हे काम उन्हाळ्यात, टोळ्या परतल्यावर करावे. आईवडील गावात असतात आणि सह्या-अंगठे मिळतात.

आता माणसाबद्दल. वर लिहिलेले काहीही विश्वस्तांनी रविवारी येऊन होत नाही. त्याच परिसरातली, शक्यतो स्वतः अशाच घरातून शिकलेली, एक पूर्णवेळ कार्यकर्ती आणि एक अर्धवेळ सहकारी लागेल. पगारावर खर्च करणे म्हणजे देणगी वाया घालवणे, असा समज आपल्याकडे फार आहे आणि त्याचे नुकसान मी जवळून पाहिले आहे. सहा लाखांचा माझा हिशेब साधारण असा असेल. पूर्णवेळ कार्यकर्तीला महिना तेरा हजार, अर्धवेळ सहकाऱ्याला सात हजार आणि दोघांच्या प्रवासाला तीन हजार धरले, तर वर्षाचे दोन लाख शहात्तर हजार होतात. दाखले, झेरॉक्स, फोन यांना चोवीस हजार ठेवावेत. उरलेल्या तीन लाखांपैकी दीड लाखात पंचवीस घरांना पाच महिने बाराशे रुपयांचा किराणा देता येईल, एक लाख नववी-दहावीच्या पुस्तकांसाठी, परीक्षा शुल्कासाठी आणि संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी आणि पन्नास हजार अचानक येणाऱ्या दवाखान्यासारख्या खर्चासाठी राहतील. आपल्याकडचे पगार आणि भाव वेगळे असतील तर आकडे बदलतील. निम्मा पैसा माणसांवर, हे प्रमाण मात्र मी बदलणार नाही. आणखी एक काळजी घ्यावी. मार्चअखेर पैसा शिल्लक दिसला म्हणून घाईने वाटप करण्याची चूक बऱ्याच संस्था करतात, तेव्हा सनदी लेखापालांशी वर्षाच्या सुरुवातीलाच बसून ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या खर्चाची तरतूद करून घ्यावी.

मुलींच्या लग्नांबद्दल आपण लिहिले आहे, त्यावर सावकाश बोलायला हवे. पालकांना मुलीचे वाईट करायचे असते, असा माझा अनुभव नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी म्हाताऱ्या सासूजवळ गावात ठेवायची की कोपीत एकटी सोडून पहाटे फडात जायचे, या दोन्हींची आईला सारखीच भीती वाटते. तिकडे नवऱ्या मुलाच्या घरी हंगामाआधी जोडपे तयार झाले तर पूर्ण कोयता होतो आणि उचल वाढते. या दोन गरजा एकमेकींना भेटल्या की लग्न ठरते. म्हणून लग्न रोखण्याचे खरे काम मुलीच्या रात्रीच्या सोबतीची व्यवस्था करण्यात आहे. आम्ही एका गावात सहा मुलींना एका आजीच्या घरी एकत्र झोपण्याची सोय केली, शेजारी अंगणवाडी सेविकेचे घर होते, आणि त्या हंगामात त्या सहांपैकी एकीचेही लग्न झाले नाही.

तरीही एखादे लग्न ठरतेच, आणि मग संस्थेपुढे कठीण प्रसंग येतो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण असावे लागते, गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि १०९८ या क्रमांकावर कळवता येते. कळवले तर घराशी नाते तुटेल, ही कार्यकर्तीची भीती खरी असते. आम्ही यावर असा मार्ग काढला की कुटुंब निवडतानाच, पहिल्याच भेटीत, वडील आणि आजी दोघांसमोर सांगायचे की आम्ही तुमच्या सोबत आहोत, पण अठराच्या आत लग्न ठरले तर आम्ही कळवणार. पुढे कळवण्याची वेळ आली तेव्हा राग झाला, एका घराने आमच्याशी दोन वर्षे बोलणे बंद ठेवले. पण पाठीत वार केला, असे कोणी म्हणाले नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराबद्दल तर प्रश्नच उरत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असणाऱ्याने कळवणे बंधनकारक आहे. त्याच कारणाने आपल्या संस्थेतही लेखी नियम हवेत : कोणीही कार्यकर्ता किंवा देणगीदार एकटा मुलाबरोबर बंद खोलीत असणार नाही, आणि मुलींच्या निवाऱ्याच्या ठिकाणी रात्री पुरुष जाणार नाही.

गुणगौरवाबद्दल थोडेच लिहिते. ऐंशी टक्क्यांवरचे मूल सत्कार झाला नाही तरी पुढे जाते. गणितात किंवा इंग्रजीत नापास झालेल्या मुलाकडे मात्र निकालाच्या दिवशी कोणीही जात नाही, आणि पुढच्या हंगामात तो अर्धा कोयता होतो. त्या मुलाला जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसवता येते. शाळा मध्येच सुटलेल्यांना सतरा नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावी देता येते, आणि आयटीआयच्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण चालते. सत्काराच्या मंडपाचा खर्च एका चांगल्या गणित शिक्षकाच्या दीड महिन्याच्या मानधनाला पुरतो. सत्कार ठेवायचाच असेल तर नापास होऊन पुन्हा बसलेल्या मुलांचा आणि त्यांच्या आजींचा ठेवावा.

देणगीदार हे मानतील का, ही आपली शंका योग्य आहे. वाटपाचे छायाचित्र लगेच मिळते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे काय दाखवावे, हे कळत नाही. आमचा अनुभव असा की वार्षिक अहवालात एकच साधा तक्ता दिला तर लोक तो वाचतात : मागच्या श्रावणात आपल्याकडे कोणत्या इयत्तेत किती मुले होती आणि या श्रावणात ती प्रत्येक कुठे आहेत. शाळेत, वसतिगृहात, आईवडिलांबरोबर, लग्न होऊन, आणि पत्ता नाही, असे पाच रकाने असावेत आणि शेवटचे दोन लपवू नयेत. पहिल्या वर्षी आमच्या त्या दोन रकान्यांतली संख्या वाईट होती. अहवाल पाठवल्यावर दोन देणगीदारांनी मदत थांबवली, आणि एका निवृत्त शिक्षकांनी पत्र पाठवून विचारले की ‘पत्ता नाही’ या रकान्यातली मुले शोधायला किती खर्च येईल. मुलांची नावे आणि चेहरे मात्र अहवालात छापू नयेत. मदत घेतानाचे छायाचित्र गावात त्या मुलाच्या मागे अनेक वर्षे राहते.

आपण श्रावणाच्या तोंडावर विचारले आहे, ही चांगली वेळ आहे. या वर्षी सगळे बदलता येणार नाही. एकच गाव घ्यावे, तिथल्या मुख्याध्यापकांकडून सातवी ते दहावीचा पट आणि मागच्या दोन वर्षांची हजेरी मागून घ्यावी, आणि दिवाळीनंतर ज्यांची गैरहजेरी सलग दिसते त्या नावांवर खूण करावी. साधारण वीस घरे निघतील. गणपती बसण्याआधी त्या प्रत्येक घरी दोनदा जावे. पहिल्या भेटीत फक्त ऐकावे, दुसऱ्या भेटीत मागे राहणाऱ्या माणसाशी बोलावे. या वर्षीच्या दिवाळी फराळाचे पैसे अजून खर्च झाले नसतील तर ते त्या वीस घरांच्या किराण्यासाठी राखून ठेवावेत आणि किराणा महिन्याच्या महिन्याला कार्यकर्तीने स्वतः घरी पोहोचवावा, म्हणजे त्या निमित्ताने दर महिन्याला मूल डोळ्यांना दिसते. नोंदवहीचे रकाने कसे आखायचे, हे आपल्याला हवे असेल तर मी आमच्या वहीचे पान, नावे झाकून, इथे देऊ शकेन.